खेळाचं समाजशास्त्र: एरिक डनिंग यांच्या कामाची ओळख

समाजशास्त्र म्हटलं की कुटुंब, जात, धर्म, शहर हे विषय आपल्या डोळ्यांसमोर येतात. खेळ येत नाही. खेळ म्हणजे फावल्या वेळेची करमणूक, त्यात अभ्यास कसला, असं आपण धरून चालतो. एरिक डनिंग (१९३६–२०१९) यांची सगळी कारकीर्द ही समजूत खोडून काढण्यात गेली.

१९५०च्या दशकाच्या शेवटी ते इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात शिकत होते. फुटबॉलवर संशोधन केलं तर चालेल का, असं त्यांनी आपले शिक्षक नॉर्बर्ट एलियास यांना विचारलं. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले एलियास हे ज्यू समाजशास्त्रज्ञ. माणसं आपल्या हिंसेला आवर घालायला कशी शिकत गेली, हा त्यांचा विषय. त्यांनी होकार दिला. पुढे १९८६ मध्ये दोघांचं ‘क्वेस्ट फॉर एक्साइटमेंट’ हे पुस्तक आलं.

आता या अभ्यासात नेमकं करतात काय? रग्बीचंच बघा. उत्तर इंग्लंडमध्ये खाणकामगार, गिरणीकामगार रग्बी खेळत. सामन्यासाठी खाडा झाला की पगार कापला जाई. बुडालेली मजुरी भरून द्यावी, अशी तिथल्या क्लबांची मागणी होती. संघटनेने ती नाकारली. खेळ पैशासाठी नसतो, हे तिचं तत्त्व. १८९५ मध्ये उत्तरेकडचे क्लब फुटून निघाले आणि रग्बीचे दोन खेळ झाले. डनिंग आणि केनेथ शीअर्ड यांनी १९७९च्या पुस्तकात या फुटीमागचा वर्गसंघर्ष उलगडला. ज्याला पगाराची चिंता नाही, त्यालाच हे तत्त्व परवडतं. नियम सगळ्यांना एकच, पण तो जाचतो मात्र कामगारालाच.

हीच नजर आपल्या मैदानाकडे वळवू. बाळू पालवणकर यांनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पण ते चांभार समाजातले, म्हणून मुंबईच्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल यांना ते मिळालं, १९२३ मध्ये.

धावा नि बळी धावफलकावर दिसतात. कोणाला खेळू दिलं, कोणाच्या अटींवर, हे तिथे दिसत नाही. ते शोधणं हे खेळाच्या समाजशास्त्राचं काम. पुढचा सामना बघताना आपणही हा प्रश्न विचारून बघूया.