‘सर्वोत्तम’ मोजायचं कसं? चार हंगाम आणि कार्यात्मक व्याख्या



सिनॉप्सिसमध्ये ‘गुणवत्ता’, ‘परिणामकारकता’, ‘यश’ असे शब्द आपण सहज लिहून जातो. मग समितीत पहिलाच प्रश्न येतो, “हे मोजणार कसं?” आणि गाडी तिथेच अडते. कार्यात्मक व्याख्या का लागते, हे आज खेळातल्या एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरण अमेरिकन फुटबॉलचं आहे. त्यात क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि वाईड रिसीव्हर धावत जाऊन तो झेलतो. झेल किती, त्यातून किती यार्ड मिळाले आणि टचडाउन किती, याची नोंद होते. मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाला या जागी एकाहून एक सरस खेळाडू लाभले. त्यांचे चार हंगाम बघा:

• क्रिस कार्टर, १९९५: १६ सामने, १२२ झेल, १३७१ यार्ड, १७ टचडाउन
• रँडी मॉस, १९९८: १६ सामने, ६९ झेल, १३१३ यार्ड, १७ टचडाउन
• रँडी मॉस, २००३: १६ सामने, १११ झेल, १६३२ यार्ड, १७ टचडाउन
• जस्टिन जेफरसन, २०२२: १७ सामने, १२८ झेल, १८०९ यार्ड, ८ टचडाउन

यातला सर्वोत्तम हंगाम कोणता?

१. निकष बदलला की विजेता बदलतो

एकूण यार्ड धरले तर जेफरसन पहिला. टचडाउन धरले तर तोच शेवटचा, बाकी तिन्ही हंगाम बरोबरीत. दर झेलामागे यार्ड काढले तर १९९८ चा मॉस १९.० वर, जेफरसन १४.१ वर आणि कार्टर ११.२ वर. म्हणजे सर्वांत कमी झेल असलेला हंगाम इथे वर येतो! आकडे तेच आहेत, बदलली ती फक्त फूटपट्टी.

२. छेद तपासा

एनएफएलमध्ये २०२१ पासून प्रत्येक संघ १६ ऐवजी १७ सामने खेळतो. एकूण यार्डांत जेफरसन २००३ च्या मॉसपेक्षा सुमारे ११ टक्के पुढे दिसतो. दर सामन्याला काढा: १०६.४ आणि १०२.०. फरक ४ टक्क्यांवर आला.

३. काळ लक्षात घ्या

२००४ मध्ये लीगने रिसीव्हरला अडवण्याबाबतचा नियम कडकपणे राबवायला सुरुवात केली, त्यामुळे पास झेलणाऱ्यांना अधिक मोकळीक मिळाली. मग २००३ आणि २०२२ थेट कसे ताडणार? एक सोपा उपाय: त्या त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक यार्ड करणाऱ्याशी तुलना करा. २०२२ मध्ये तो स्वतः जेफरसनच होता. २००३ मध्ये टॉरी होल्टचे १६९६ होते, मॉस त्याच्या ९६ टक्के. १९९५ मध्ये जेरी राईसचे १८४८, कार्टर ७४ टक्के. पण टचडाउनमध्ये कार्टर आणि मॉस आपापल्या वर्षी लीगच्या अग्रस्थानी होते.

४. भागाकाराने न सुटणारी गोष्ट

१९९८ मध्ये मॉसच्या जोडीला कार्टरही होता आणि त्या हंगामात त्याने १०११ यार्ड व १२ टचडाउन केले. बचावफळीला एकट्या मॉसवर लक्ष देऊन भागत नव्हतं. चौघा हंगामांचे क्वार्टरबॅकही एकच नव्हते. याला म्हणतात बाह्य चलांचा प्रभाव. तो पूर्ण काढता येत नसेल तर मर्यादांमध्ये स्पष्ट नोंदवायचा.

मग उत्तर काय? ‘लीगच्या तुलनेत यार्ड आणि टचडाउन दोन्हींत वरचं स्थान’ अशी व्याख्या केली तर मॉसचा २००३ चा हंगाम पुढे येतो. फक्त यार्ड हीच व्याख्या केली तर जेफरसन. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत, पण एका अटीवर: व्याख्या आकडे बघण्याआधी ठरलेली हवी. आधी विजेता मनात धरून मग त्याच्या मापाची फूटपट्टी शोधली, तर ते संशोधन नव्हे, वकिली झाली.

तुमच्या प्रबंधातही हेच घडू शकतं. नवी अध्यापन पद्धती ‘परिणामकारक’ ठरते ती चाचणीच्या गुणांवर, तीन महिन्यांनंतर काय आठवतं त्यावर, की उपस्थितीवर? तिन्ही मोजून जे जुळलं तेवढंच छापलं, तर पुढे ती पद्धत वर्गात वापरणारा शिक्षक फसतो.

म्हणून आज एवढंच करा. तुमच्या शीर्षकातला सर्वांत मोघम शब्द अधोरेखित करा. त्यासमोर एका वाक्यात लिहा: काय मोजणार, कशाने भागणार, कोणाशी ताडणार. खाली तारीख टाका. माहिती गोळा करायला त्यानंतरच निघा.