कोण सावरेल, हे आधी कळतं का?

अमेरिकेतल्या ‘प्रोजेक्ट मॅच’ या अभ्यासात दारूच्या व्यसनावर बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेणारे ९५२ जण होते. प्रत्येकाला १२ आठवड्यांच्या तीन पद्धतींपैकी एक मिळाली. ३ वर्षांनी पाहिलं, तर पद्धतींमध्ये फारसा फरक नव्हता. पुढची चाहूल देणाऱ्या सर्वांत ठळक खुणा दोन: सुरुवातीची बदलाची तयारी आणि ‘मी मोह टाळू शकेन’ हा भरवसा. सोबतही मोलाची. ज्यांचा गोतावळा पिणाऱ्यांचा, त्यांना ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठकांकडे वळवणारी पद्धत अधिक लागू पडली. म्हणूनच ‘किती पिता?’ याइतकंच ‘कोणाबरोबर पिता?’ हेही डॉक्टरांनी विचारायलाच हवं. रागीट रुग्णांना मात्र वाद टाळून प्रेरणा जागवणारी, अवघ्या ४ भेटींची पद्धत जास्त मानवली.