गाठोडे बांधायला किती वेळ?

२०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्हा धाराशिव झाला. समजा, जिल्ह्याच्या भूगोलाच्या तुमच्या टिपणांच्या आवृत्त्या 'गिट' ही आज्ञावली सांभाळते. (लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली लिनक्ससाठी लिहिली.) टिपणांत तेवढा एकच शब्द बदलला, तरी गिट आधी अख्खी फाइल पुन्हा ठेवते. पुढे 'रीपॅक' करताना मात्र सारख्या फायली शोधून, एक पूर्ण व इतरांचे नुसते फरक, असे गाठोडे बांधते.

हे बांधणे किती वेगाने होते? दोनदा मोजा. दुसऱ्या खेपेस वेळ बराच कमी भरतो. पण वेग वाढलेला नसतो! आधी काढलेले फरक गिट तसेच उचलते, शिवाय फायली संगणकाच्या स्मृतीत ताज्या असतात. म्हणून दर खेपेस फरक नव्याने काढायला लावावेत. गिटच्या स्वतःच्या चाचण्या एरवी तीन खेपा घेऊन सर्वांत कमी वेळ नोंदवतात. सरासरी का नाही? मध्येच आलेल्या दुसऱ्या कामाने वेळ वाढतो, घटत नाही.

नुसता वेळ मोजून मात्र भागत नाही. फरकांवर फरक अशी साखळी (मुळात ५० पर्यंत) लांबवली, तर गाठोडे लहान होऊ शकते. पण जुने टिपण बाहेर काढताना खोळंबा होतो. तोही मोजावा.