कारखानदाराने कारखानदाराला काय सांगितले

महाराष्ट्रात एका कारखानदाराने दुसऱ्याला शहाणे करण्याची रीत उद्योजकांच्या आत्मचरित्रांपेक्षा बरीच जुनी आहे. तिचा आरंभ स्वदेशीच्या काळात भट्टीच्या तोंडाशी झाला. लोकांनी दिलेल्या पैशा-पैशातून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना काढला. जपान-अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो सांभाळला. तेथे माल निघे, तशी माणसेही तयार होत. तळेगावला हात बसलेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. आपले तंत्र दुसऱ्याला कळले तर आपला धंदा बुडेल, या भीतीला तळेगावात जागा नव्हती. शिकवण्यासाठीच तो कारखाना होता.

या परंपरेला लेखणी मिळाली ती किर्लोस्करवाडीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर, बेळगाव सोडावे लागणे, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ दिलेला माळ आणि १९१० मध्ये तेथे वसलेली वाडी, ही हकिकत मराठी वाचकाला पाठ आहे. तिच्यातले एक कलम मात्र नीट वाचले जात नाही. लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी शेतकऱ्यांनी पहिले नांगर घेतलेच नाहीत. ते दोन वर्षे पडून राहिले, आणि विकले गेल्यावरही तक्रारी येतच राहिल्या. त्या तक्रारींतून नांगर सुधारत गेला. म्हणजे वाडीचे पहिले गुरू तिचे गिऱ्हाईकच होते. कारखान्याने पुढे जे लिहिले त्यामागे ही उलट दिशेने आलेली शिकवण आहे.

१९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, हे तिचे संपादक. लाहोरला सातवळेकरांच्या हाताखाली चित्रकला शिकलेला हा माणूस वाडीत येऊन जाहिरात आणि विक्री पाहू लागला होता. खबरेचा मूळ हेतू साधा होता: अवजारांची माहिती शेतकऱ्याला आणि विक्रेत्याला द्यायची, कारखान्याचे बरे-वाईट कामगारांपर्यंत पोचवायचे. पण माल विकायचा तर आधी वाचक हवा आणि वाचक टिकवायचा तर त्याच्या उपयोगाचे काही द्यायला हवे, हे शंवाकिंनी ओळखले. त्यामुळे अवजारांच्या पत्रकातून उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा आणि साहित्य यांचे मासिक उभे राहिले. त्याला १९३० मध्ये ‘स्त्री’ची आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ची जोड मिळाली.

वाङ्मयाच्या काही इतिहासकारांनी खबरेतून घडलेल्या या ‘किर्लोस्कर’ मासिकाची नोंद केवळ साहित्य आणि सुधारणा या सदरांत केली आहे. कथा-कादंबऱ्यांची यादी झाली की त्यांच्या लेखी मासिकाचा हिशेब पुरा होतो. हे वाचन अपुरे आहे. मासिकाचा कणा धंदा हाच होता. पगारदारीची ओढ असलेल्या मध्यमवर्गाला कारखाना, दुकान, जाहिरात, उधारी, ग्राहकाशी बोलणे यांबद्दल स्वच्छ मराठीत वाचायला मिळाले ते येथे, आणि तेही ज्यांच्या आवारात रोज ओतकाम चालते अशा माणसांकडून. शंवाकिंचे ‘शंवाकीय’ हे १९७४चे आत्मचरित्र एका संपादकाचे म्हणून वाचले जाते. ते विक्री सांभाळणाऱ्या माणसाचे म्हणून वाचले तर दुप्पट हाती लागते. मराठी माणसाला धंद्याचे वावडे, हे वाक्य व्यासपीठावरून आजही फेकले जाते. ते म्हणणाऱ्यांनी या मासिकाचे जुने खंड एकदा उघडावेत.

विदर्भात हेच काम नागपूरच्या ‘उद्यम’ मासिकाने अधिक प्रत्यक्ष पातळीवर येऊन केले. साबण, शाई, शेतीमालावरची प्रक्रिया यांवरचे त्याचे लेख वाचून घरच्या अंगणात धंदे सुरू झाले. पुण्याच्या मराठा चेंबरने ‘संपदा’ चालवले. चेंबरांच्या इतिहासाचे येथे फार काही सांगण्याजोगे नाही: वालचंद हिराचंदांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर स्थापन केले, १९३४ मध्ये अ. रा. भटांनी पुण्यात मराठा चेंबर उभारले, आणि दोन्ही संस्थांचा बराचसा वेळ सरकारदरबारी निवेदने देण्यात गेला. त्यांचा खरा उपयोग सभेनंतरच्या चहाला होई. कोणता पुरवठादार वेळ पाळतो, कोणत्या बँकेचा व्यवस्थापक यंत्र बघायला स्वतः येतो, हे तेथे समजे.

कागदावर कधीच न आलेली एक शाखा कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढली. म्हादबा मेस्त्रींच्या पिढीने यंत्र खोलून, पाहून, पुन्हा जोडून विद्या मिळवली आणि ती तशीच हातोहात पुढे दिली. पॅटर्न कसा काढावा, साचा कुठे दगा देतो, बिडाचा रंग काय सांगतो, हे लेथवर आणि भट्टीपाशी शिकलेले पोरगे काही वर्षांनी शेजारच्या गाळ्यात स्वतःची फाउंड्री टाकी. अडचणीला जुना मिस्त्री धावून येई. या व्यवहाराची नोंद कोणी ठेवली नाही, ही मराठी उद्योग-इतिहासाची मोठी हानी आहे.

आत्मचरित्रांत शंतनुराव किर्लोस्करांच्या १९८२च्या ‘कॅक्टस अँड रोझेस’ या इंग्रजी पुस्तकाची बरोबरी करणारे दुसरे नाही. अमेरिकेतील एमआयटीतून १९२६ मध्ये पदवी घेऊन आलेल्या या अभियंत्याने परवाना-राजवटीशी झालेले झगडे नावनिशीवार मांडले. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये वाडीचा कारखाना जाळला गेला, त्याची हकिकत आणि नंतरची उभारणीही त्यात आहे. वारसदाराला नफ्याच्या आकड्यांपेक्षा अशी प्रकरणे जास्त शिकवतात. शंतनुरावांनी पुस्तकाबाहेरही हेच केले: भारत फोर्ज उभी करणाऱ्या नीळकंठराव कल्याणींना त्यांचे प्रोत्साहन लाभले, आणि १९४६ मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सभोवती पुण्यात सुटे भाग करणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. गं. दे. खानोलकरांचे वालचंदचरित्र भारदस्त आहे. बी. जी. शिर्के यांचे ‘जिद्द’ बांधकामातल्यांनी वाचावे, विठ्ठल कामत यांचे ‘इडली, ऑर्किड आणि मी’ सगळ्यांनी.

त्यानंतरच्या पुस्तकांची संख्या वाढली आणि वजन घटले. बरीचशी शब्दांकन करून घेतलेली, साठीच्या किंवा पंचाहत्तरीच्या समारंभासाठी घाईने छापलेली. बालपणीचे दारिद्र्य, एक धाडसी निर्णय, पुरस्कार आणि शेवटी तरुणांना दहा सूत्रे, अशी त्यांची वाट ठरून गेली आहे. भागीदारी का फुटली, मुलाच्या हाती कारभार देताना जुने व्यवस्थापक का दुखावले, कोणते यंत्र चुकीचे घेतले आणि त्याचे हप्ते किती वर्षे फेडले, याबद्दल ओळसुद्धा नसते. भाषणांचे तर याहून वाईट. तिकीट लावलेल्या प्रेरणादायी कार्यक्रमांत टाळ्या मिळतात, पण उधारी वसूल कशी करावी हे विचारायला सभागृहात जागाच ठेवलेली नसते. कारखान्यांच्या गृहपत्रिका एकेक करून बंद पडल्या किंवा वाढदिवसांच्या छायाचित्रांपुरत्या उरल्या.

या उताराला दोन ठळक अपवाद आहेत. रेल्वेतून निवृत्त झालेले अभियंता माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब मराठी व्यावसायिकांना नियमाने एकत्र बसवतो आणि एकमेकांना काम मिळवून द्यायला लावतो. दुसरा अपवाद अधिक महत्त्वाचा. मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात दलित उद्योजकांचे चेंबर, म्हणजे डिक्की, स्थापन केले. ज्यांच्या घरात आजोबांचे दुकान नव्हते, मामाची ओळख नव्हती आणि बँकेत जामीन राहणारा शेजारी नव्हता, त्यांच्यासाठी अनुभवी माणसाचा एक तास भांडवलाइतका मोलाचा ठरतो. केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणाने सार्वजनिक उपक्रमांच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के वाटा ठरवला. पण तो पदरात पडण्यासाठी निविदा भरता यावी लागते, अनामत, दरपत्रक, तपासणी आणि थकलेले बिल यांची वाट माहीत असावी लागते. ज्यांनी ही वाट आधी तुडवली आहे ते ती नव्यांना कागद समोर ठेवून समजावतात, तेव्हा तळेगावच्या भट्टीपाशी चालले होते तेच काम निविदेच्या मेजावर होते.