अनेक ग्राफिक्स कार्डांचा संगणक: बिघाड कसा शोधाल?

मायनिंगसाठी एका मदरबोर्डला सहा ग्राफिक्स कार्डे जोडली आणि चारच दिसली, तर लगेच कार्डाला दोष देऊ नका. क्रमाने तपासा.

१. वीज बंद करून एकच कार्ड ठेवा. ते चालले की पुढचे जोडा. जिथे अडेल तिथे आधी रायझर बदलून पाहा.

२. कोणतेही कार्ड एकटे चालते, पण ठरावीक संख्येपुढे दिसत नाही? बायोसमध्ये 'अबव्ह ४जी डिकोडिंग' सुरू करा. कार्डांना ४ जीबीच्या वरचे मेमरी पत्ते मिळतील.

३. भार वाढताच संगणक बंद पडतो? विजेचा हिशेब करा. कार्ड स्लॉटमधून १२ व्होल्टवर ५.५ अँपिअर, म्हणजे ६६ वॅटपर्यंत घेऊ शकते. साटा जोडणीची मर्यादा ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. म्हणून रायझरला साटा केबलने वीज देऊ नका. जोडणी वितळून आग लागू शकते.

४. काही वेळाने वेग घटतो? तापमान पाहा. आमच्याकडे सिरुसेरीत मे महिन्यात बंद खोलीच तापलेली असते. कार्डांमध्ये अंतर ठेवा, गरम हवा बाहेर काढा.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग थांबले. तरी मशीन लर्निंगसाठी जुनी कार्डे जोडताना हाच क्रम पाळा.