पडका वाडा पुन्हा बांधताना

हरण्याचा सराव मुंबईच्या क्रिकेटरसिकाला कधी नव्हताच. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक ज्या गावात राहिला, त्या गावात दुसरा क्रमांक म्हणजे नापास, असाच हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. रणजीतला आपला हा 'खडूस'पणा लोकांनी पुढे मुंबई इंडियन्सलाही बहाल करून टाकला. २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे पदरात पडल्यावर तर बोलायलाच नको. म्हणूनच २०२२ साली हा संघ दहा संघांत दहावा आला, एक वर्ष आड २०२४ साली पुन्हा दहावाच आला, तेव्हा घरोघरी जे सुतक पडले ते नुसते पराभवाचे नव्हते. आपला वाडा पडला, आणि तो बांधायचा कसा हे कुणालाच नीट ठाऊक नाही, ही त्यातली खरी बोच होती.

या पडझडीचा बराचसा भाग नेरूळकरांनी घराजवळच पाहिला. करोनाच्या भीतीने २०२२ची साखळी मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातच उरकण्यात आली. मुंबईने पहिले आठ सामने ओळीने गमावले. नवव्या सामन्यात, ३० एप्रिलला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर राजस्थानला हरवून संघाने खाते उघडले. त्या दिवशी कर्णधार रोहित शर्माचा वाढदिवस होता. पण त्या विजयातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. जखमी खेळाडूच्या जागी आयत्या वेळी घेतलेल्या कुमार कार्तिकेय या फिरकी गोलंदाजाचा तो पहिलाच सामना होता. त्याने चार षटकांत अवघ्या १९ धावा दिल्या आणि संजू सॅमसनचा बळी घेतला. कोट्यवधींच्या यादीत ज्याचे नावही नव्हते, त्या मुलाने बुडत्याला हात दिला. पुनर्बांधणीचा पहिला धडा तिथेच मिळाला होता. तो किती जणांनी गिरवला, हा प्रश्न आहे.

पडझड झाली कशी, हे आधी पाहू. २०२२च्या मोठ्या लिलावाआधी नियमाप्रमाणे चारच खेळाडू राखता येत होते. मुंबईने रोहित, जसप्रीत बुमराह, सूर्यकुमार यादव आणि किरॉन पोलार्ड यांना राखले. हार्दिक पंड्या, कृणाल पंड्या, क्विंटन डी कॉक, ट्रेंट बोल्ट असे हातातोंडाशी आलेले मोहरे चार दिशांना गेले. मग लिलावात इशान किशनसाठी १५ कोटी २५ लाख मोजले. त्या हंगामात खेळणार नाही हे ठाऊक असूनही जोफ्रा आर्चरवर ८ कोटी लावले. हा आर्चर पुढच्या वर्षी पाच सामने खेळला आणि दुखापत घेऊन मायदेशी परतला. त्याच लिलावात १ कोटी ७० लाखांना घेतलेल्या तिलक वर्माने मात्र पहिल्याच हंगामात ३९७ धावा केल्या. हैदराबादच्या एका इलेक्ट्रिशियनचा हा मुलगा आज संघाचा आधारस्तंभ मानला जातो. महागडे नाव आणि उपयोगी खेळाडू यांतला फरक एवढ्या एका यादीत दिसतो.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये या दुखण्यावर एक औषध असते. तिथे १९६५पासून नव्या मुलांची वाटणी 'ड्राफ्ट' पद्धतीने होते. जो संघ तळाशी, त्याला निवडीचा पहिला मान, अशी तिथली जुनी रीत. २०२३पासून त्यात सोडतीचीही भर पडली आहे. ह्यूस्टन ॲस्ट्रॉज हा संघ २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे शंभराहून अधिक सामने हरला. त्या बदल्यात त्याला तीनदा पहिली निवड मिळाली. पैकी एक कार्लोस कोरेया हिरा निघाला. मार्क अपेल हा दुसरा मुलगा मुख्य संघातून एकदाही खेळला नाही. तरी २०१७ साली हाच संघ जगज्जेता ठरला. त्या यशाला पुढे खाणाखुणा चोरल्याचा डाग लागला, हा भाग निराळा. सांगायचा मुद्दा असा, की तिथे हरणाऱ्याला उभे राहायला काठी दिली जाते. पहिल्या निवडीनेही सगळेच साधत नाही, हेही त्याच उदाहरणावरून दिसते.

आपल्याकडे लिलावात विजेता आणि तळाचा संघ यांच्या थैलीची मर्यादा सारखीच. इथे खरा ड्राफ्ट झाला तो २००८ साली, युवा विश्वचषक जिंकून आलेल्या मुलांसाठी. पहिली निवड दिल्लीची होती. दिल्लीने प्रदीप सांगवान हा गोलंदाज घेतला आणि आपल्याच गावचा एक फलंदाज बंगळूरला जाऊ दिला. त्याचे नाव विराट कोहली. दारातले सोने न ओळखण्याची किंमत काय असते, ते दिल्लीकरांना विचारावे.

ती किंमत आता आपणही मोजतो आहोत. ३० एप्रिल २०२३ रोजी वानखेडेवर मुंबईच्या गोलंदाजीवर १२४ धावा कुटणारा यशस्वी जयस्वाल आझाद मैदानावर वाढलेला, तो राजस्थानचा. १ जून २०२५ रोजी अहमदाबादला नाबाद ८७ धावा करून मुंबईला अंतिम फेरीच्या दारातून परत पाठवणारा श्रेयस अय्यर शिवाजी पार्कवर घडलेला. तो पंजाबचा कर्णधार. विरारहून लोकलने मैदाने गाठत मोठा झालेला आयुष म्हात्रे २०२५ साली वानखेडेवर मुंबईविरुद्धच पहिला सामना खेळला, चेन्नईकडून. सतराव्या वर्षी त्याने १५ चेंडूंत ३२ धावा केल्या. मुलींतही तेच. वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज महिलांच्या लीगमध्ये पहिल्या वर्षापासून दिल्लीची.

इथे भूमिपुत्रांचा झेंडा फडकवायचा नाही. अहमदाबादचा बुमराह, त्रिनिदादचा पोलार्ड, श्रीलंकेचा मलिंगा यांना या गावाने आपले मानले आणि त्यांनीही गावाचे पांग फेडले. लिलावात बोली चढत गेली की प्रत्येक घरचा मुलगा घरात ठेवता येत नाही, हेही खरे. पण आयपीएलच्या सुरुवातीच्या नियमांत आपल्या परिसरातले काही खेळाडू संघात असावेत अशी अट होती. ती गेली आणि मैदान व संघ यांतला धागा सैल झाला. कांगा लीगच्या चिखलात १९४८पासून जे घडते, ते पाहायला मुंबईच्या संघाला विमानाचे तिकीट काढावे लागत नाही. सरावाचे मैदान घणसोलीला, डी. वाय. पाटील ट्वेंटी-२० स्पर्धा नेरूळला. तिथे मार्च २०२०मध्ये दुखापतीतून उठलेल्या हार्दिकने ५५ चेंडूंत नाबाद १५८ धावा केल्या होत्या. इतक्या जवळ सगळे असताना जयस्वाल आणि म्हात्रे दुसऱ्यांना आधी दिसावेत, याची रुखरुख वाटतेच.

मुंबईच्या पारखी माणसांना नजर नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१३ साली जॉन राइट यांनी एका देशांतर्गत स्पर्धेत बुमराहची विचित्र शैली हेरली. २०१५ साली हार्दिक दहा लाखांत मिळाला. २०२५ साली तर कमालच झाली. केरळच्या वरिष्ठ संघातूनही न खेळलेला, रिक्षाचालकाचा मुलगा विघ्नेश पुथूर तीस लाखांना घेतला आणि त्याने पहिल्याच सामन्यात चेन्नईचे तीन मोहरे टिपले. तेवढ्याच पैशात आलेल्या अश्वनी कुमारने पदार्पणात २४ धावांत कोलकात्याचे चार बळी घेतले. पाचपैकी चार सामने हरलेला संघ पुढे सलग सहा जिंकला आणि चौथा आला.

नजर आहे; उणीव आहे ती धीराची. डेवाल्ड ब्रेविसला मुंबईने कोवळ्या वयात आणले, दोन हंगाम खेळवले, सोडले; तो चेन्नईत जाऊन बहरला. कॅमेरॉन ग्रीनवर साडेसतरा कोटी लावले आणि एका हंगामानंतर त्याला बंगळूरला दिले. ज्याने पाच करंडक आणले त्याची कप्तानी डिसेंबर २०२३मध्ये काढली. मग परतलेल्या हार्दिकची स्वतःच्याच मैदानावर हुर्यो उडाली. त्यात प्रेक्षकांचा उतावळेपणाही कमी नव्हता. आणि तो विघ्नेश? त्यालाही नोव्हेंबर २०२५मध्ये निरोप देण्यात आला. पंचवीस जणांची मर्यादा आहे, कुणाला तरी सोडावेच लागते, हे मान्य. पण पेरलेले दर हंगामाला उपटून मुळे पाहण्याची सवय असली, की झाड वाढत नाही.

२०२५च्या लिलावाआधी १२० कोटींतले ७५ कोटी पाच जणांना राखण्यात गेले. ते पाच थोर आहेत, यात शंका नाही. पण रोहित १९८७चा, सूर्यकुमार १९९०चा, बुमराह आणि हार्दिक १९९३चे. काळाशी कुणाचा करार नसतो. हे खांब ज्या वेळी निघतील, त्या वेळी एखादे वीस कोटींचे नाव आणून भगदाड बुजवण्याचा मोह होईल. तो टाळावा. मुंबईच्या तेवीस वर्षांखालील मुलांतले दोन-तीन जण संघात घ्यावेत, तीन हंगाम त्यांना हात लावू नये, चार सामने वाईट गेले म्हणून बाकावर बसवू नये. वाडा बांधायचा तर पाया भरताना दिसत नाही, म्हणून थांबायचे नसते.

असा धीर धरला तर काय होते, याचे उदाहरण नेरूळनेच पाहिले. २०२३च्या महिला लीगमध्ये दहा लाखांना घेतलेल्या सायका इशाकने मुंबईसाठी पंधरा बळी घेतले आणि पहिले विजेतेपद आले. २०२५च्या विश्वचषकात जेमिमाला मधेच वगळले होते. तिला पुन्हा घेतले आणि ३० ऑक्टोबरला याच मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने नाबाद १२७ धावा काढल्या. तीन दिवसांनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ८७ धावा आणि दोन बळी घेणारी शफाली वर्मा मूळ संघातही नव्हती. जखमी प्रतिका रावलच्या जागी ती आली होती. ज्यांना काढले आणि जिला घेतलेच नव्हते, त्यांनीच करंडक आणला.

लिलावाचा हातोडा पडला, की आपण कोटींचे आकडे मोजत बसतो. त्या याद्यांच्या तळाशी तीस लाखांची चार-पाच नावे असतात. मुंबईचा वाडा पुन्हा उभा राहायचा असेल, तर वाचकहो, आपणही यादी खालून वाचायला शिकले पाहिजे. आणि त्यातल्या एखाद्या पोराने पहिल्या षटकात अठरा धावा दिल्या, तर हुर्यो करण्याआधी जरा दम धरला पाहिजे.