रात्री २ वाजता लॅपटॉपला कोण उठवतं?

पुण्याहून जळगाव-धुळ्याकडे निघालेल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बहुतेक प्रवासी झोपतात. बॅगेतला लॅपटॉप झोपेलच असं मात्र नाही. झाकण लावलं, स्क्रीन काळी झाली, की तो झोपला असं आपण धरून चालतो. सकाळी जळगावच्या आकाशवाणी चौकात उतरून बॅगेत हात घालावा, तर लॅपटॉप चांगलाच तापलेला आणि रात्री भरलेली बॅटरी शून्यावर. "भो, बॅटरी गेली तुझी," असं निदानही लगेच मिळतं. जरा थांबा. नवी बॅटरी शोधायला गोलाणी मार्केट गाठण्याआधी लॅपटॉपलाच विचारा, तुला उठवलं कोणी? बहुतेक वेळा त्याने ते लिहून ठेवलेलं असतं.

विचारायचं कसं? विंडोजमध्ये स्टार्टवर जाऊन सीएमडी शोधा आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. पुढची प्रत्येक आज्ञा 'पॉवरसीएफजी'ने सुरू होते. ती रोमन अक्षरांत टाइप करायची, एक जागा सोडून तिरकी रेघ द्यायची आणि तिला चिकटून पुढचा शब्द लिहायचा. 'लास्टवेक' लिहिलं तर शेवटचं कोणी उठवलं ते कळतं. 'वेकटायमर्स' पुढचे गजर दाखवतं. 'रिक्वेस्ट्स' लिहिलं की या घडीला लॅपटॉपला झोपूच न देणारी मंडळी समोर येतात. चालू राहिलेला व्हिडिओ, साउंड ड्रायव्हर किंवा मागे सुरू असलेलं एखादं डाउनलोड तिथे बऱ्याचदा सापडतं.

गजराची गोष्ट मजेची आहे. आपल्याकडे शेतीपंपाची वीज पाळीपाळीने दिवसा आणि रात्री येते, त्यामुळे रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकरी गजर लावून पिकाला पाणी द्यायला उठतो. विंडोजमधला वेक टायमर हे नेमकं असंच काम करतो. विंडोजच्या स्वयंचलित देखभालीची ठरलेली वेळ मुळात रात्री २ ची असते आणि त्यासाठी झोपलेलं मशीन उठवायची परवानगीही सेटिंगमध्ये असते. अपडेटचं काम निघालं तर तेही गजर लावून ठेवतं. उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' यादीत 'स्लीप'खाली 'अलाउ वेक टायमर्स' असेल, तिथे बॅटरीसाठी आणि चार्जरसाठी दोन्हीकडे 'डिसेबल' निवडा.

गजर नसेल तर माउसवर संशय घ्या. वायरलेस माउसचा रिसीव्हर लॅपटॉपला तसाच खोचलेला, माउसचं बटण चालू आणि दोघंही एकाच बॅगेत. घाटात गाडी हलली, माउस हलला, लॅपटॉप उठला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये जाऊन 'अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर'समोरची खूण काढली की हा प्रश्न मिटतो. त्याहून सोपं म्हणजे रिसीव्हर काढून खिशात टाकणं.

नेटवर्क कार्डालाही असाच अधिकार असतो, आणि त्याची किल्ली मला फार आवडते. तिचं नाव मॅजिक पॅकेट. झोपलेल्या कॉम्प्युटरला दुरून उठवणारा हा संदेश फक्त १०२ बाइट्सचा असतो. सुरुवातीला ६ बाइट्स पूर्ण भरलेले, मग त्या कार्डाचा स्वतःचा ६ बाइट्सचा पत्ता लागोपाठ १६ वेळा. बाकी जग गाढ झोपलेलं असताना कार्डाचा एक कोपरा आपलं नाव ऐकायला जागा ठेवलेला असतो. मोठ्या ऑफिसांत रात्री सगळी मशीन उठवून अपडेट करायला ही सोय उत्तम. घरच्या लॅपटॉपला तिची गरज नाही, बिनधास्त बंद करा.

झाकण बंद झालं हे लॅपटॉपला कळतं ते बहुधा चुंबकामुळे. झाकणाच्या कडेत एक छोटा चुंबक असतो आणि खालच्या भागात हॉल सेन्सर. एडविन हॉलने हा परिणाम शोधला १८७९ मध्ये, लॅपटॉपच्या शंभर वर्षं आधी. म्हणून एका लॅपटॉपवर दुसरा ठेवला, किंवा चुंबकाचं ब्रेसलेट घालून टाइप केलं, तर चालू लॅपटॉप मध्येच डुलकी घेतो. उलटंही होतं. आईने परतीच्या बॅगेत कळण्याचं पीठ, पापड आणि वांगी कोंबलेली असली की दाबाने झाकण किंचित उचकटतं, चुंबक दूर जातो आणि लॅपटॉपला वाटतं, मालक आले.

आता मुख्य संशयित. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये कॉम्प्युटरच्या झोपेच्या पायऱ्या ठरवल्या, एस०पासून एस५पर्यंत. एस० म्हणजे जागा, एस५ म्हणजे बंद. आपण वर्षानुवर्षं ज्याला स्लीप म्हणत आलो ती एस३, म्हणजे मेमरी तेवढी चालू आणि बाकी सगळं शांत. गेल्या काही वर्षांतल्या कितीतरी लॅपटॉपमध्ये ही पायरीच नाही. त्याऐवजी मॉडर्न स्टँडबाय आहे, मोबाइलसारखी अर्धवट झोप. स्क्रीन काळी, पण प्रोसेसर मधूनमधून उठून मेल, अपडेट, नेटवर्क बघून येतो. एखादं काम अडलं तर तो जागाच राहतो, आणि बंद बॅगेत वारा नसल्याने तापतो. 'पॉवरसीएफजी'पुढे 'ए' लिहिलं तर तुमच्या मशीनला कोणती झोप येते ते कळेल. 'स्लीपस्टडी' लिहिलं तर मागच्या ३ दिवसांतल्या प्रत्येक झोपेचा आलेखच तयार होतो, बॅटरी कधी किती उतरली यासकट. ग्राहकाला सांगितल्याशिवाय झोपेची पद्धत बदलणं मला पटत नाही. पण घेतलेला लॅपटॉप वापरायचा तर हे माहीत हवंच.

खानदेशात हे जास्त महत्त्वाचं, कारण आपलं ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपाशी जातो. अ‍ॅपल आपल्या मॅकबुकसाठी सांगते की ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा आणि बंद करून ठेवायचं तरी ४५च्या वर नको. उन्हात उभ्या गाडीत ही हद्द केव्हाच ओलांडली जाते, आणि लिथियमची बॅटरी उष्णतेने कायमची अशक्त होते. मेमरीलाही ऊन लागतं. तिच्यातली माहिती टिकायला प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांत एकदा पुन्हा भरावी लागते, म्हणून झोपलेला लॅपटॉपसुद्धा वीज खातच असतो. चिपचं तापमान ८५ अंशांपुढे गेलं की हे काम दुप्पट वेगाने, ३२ मिलिसेकंदांत करावं लागतं. थंडीत नेमकं उलटं. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की उणे ५० अंशांपर्यंत गार केलेली मेमरी वीज काढल्यावरही काही मिनिटं जवळपास सगळं लक्षात ठेवते. धुळ्याची जानेवारीतली पहाट कितीही बोचरी असली, तरी तेवढी नाही.

म्हणून प्रवासाला निघताना स्लीप नको, हायबरनेट करा. त्यात मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवलं जातं आणि वीज जवळपास पूर्ण थांबते. उघडायला काही सेकंद जास्त लागतात, पण फायली जिथे सोडल्या तिथेच सापडतात. विंडोजमध्ये हा पर्याय बहुधा लपवलेला असतो. पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' उघडा, वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबा आणि खाली हायबरनेटसमोर खूण करा. झाकण लावल्यावर काय व्हावं हेही तिथेच ठरवता येतं, तिथेही हायबरनेट निवडा. मग झाकण लावा, पंखा थांबला आणि दिवा विझला हे बघा आणि त्यानंतरच बॅगेची चेन ओढा.